दहा वाजून वीस मिनिटांची उडी

जुनी गाणी ऐकून ज्यांचे डोळे पाणावतात त्या माणसांची मला किळस येते. आधीच सांगून टाकतो, मागाहून गैरसमज नको. सत्तरी गाठलेली माणसं, केसांना कलप, पोट पट्ट्यावरून ओघळलेलं, आणि कुठे ट्रम्पेट वाजला की मान डोलवत म्हणणार, “काय दिवस होते हो ते!” काय होते? मीही तिथेच होतो. तापलेल्या प्लास्टिकचा वास होता, आणि तो दोनदा अंघोळ केली तरी अंगावरून जात नसे.

रेकॉर्डच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं रेकॉर्डी ऐकल्या. गाणी नव्हेत, रेकॉर्डी. दर वीस मिनिटांनी प्रत्येक प्रेसवरची एक ताजी रेकॉर्ड आमच्या काचेच्या खोलीत यायची. त्या खोलीला सगळे कानखोली म्हणत आणि मला कानसेन. कानाला हेडफोन लावायचा, सुई टेकवायची आणि गाण्याकडे साफ दुर्लक्ष करून नुसती खरखर शोधत बसायचं. सापडली की माल बाद. आता माझ्या पुतणीच्या फोनमध्ये एक सोय आलीय. धुतल्यासारखं स्वच्छ गाणं त्यात घातलं की वरून खरखर भुरभुरून मिळते.

“काका, कसं छान जुनं वाटतं ना?” ती म्हणाली.

“जुनं नाही, बाद वाटतं,” मी म्हटलं.

ती हसली. माझ्या तिरसटपणाला ती लहानपणापासून हसत आलीय. पुतणी म्हणजे दादाची मुलगी. बाप जसा दिलदार तशीच हीसुद्धा, त्यामुळे तिच्यावर धड चिडताही येत नाही. तिच्या डोक्यात आलं की कारखान्यातली जी माणसं अजून चालती-फिरती आहेत त्यांना एका रविवारी दुपारी जुन्या हॉलमध्ये गोळा करायचं, गाणी लावायची, नाचायचं. आणि काकांनी दोन शब्द बोलायचे.

“कशावर?” मी विचारलं.

“उडीवर! दुसरं कशावर? ती उडी तुम्ही आणि काकूनेच बसवली होती ना? काकू नेहमी सांगायची.”

ही काकू म्हणजे माझी बायको. तीन वर्षांपूर्वी गेली. ती नेहमी सांगायची हे खोटं आहे. ती एकदाच बोलून गेली होती, तेही तापात.

आता ही उडी काय होती ते सांगायला हवं. कारखान्याच्या मागे कामगारांचा हॉल होता. दर रविवारी दुपारी तिथे नाच चालायचा, आणि त्या हॉलमध्ये धड रेकॉर्ड म्हणून कधी आलीच नाही. बाद माल फोडून पुन्हा वितळवायचा असा नियम होता, पण त्यातल्या चार-दोन रेकॉर्डी न्यायची हॉलच्या रखवालदाराला मुभा होती. शनिवारी तो टोपली घेऊन यायचा. त्यामुळे आमच्या लोकांनी प्रत्येक गाणं त्याच्या खोटीसकट पाठ केलं. एका रेकॉर्डवर गायिका एकच शब्द तीनदा म्हणायची, तर आमची मंडळी तिथे तीन गिरक्या घ्यायची. एका रेकॉर्डचं भोक मधोमध नव्हतं, तिच्यावर सूर हेलकावे खायचा, तर तेही हेलकावत नाचायचे. बाहेर कुणाच्या लग्नात गेलं की आमच्या कारखान्यातली माणसं लांबून ओळखू यायची. नको तिथे गिरकी घेतली की समजायचं, हे आपले.

आणि या सगळ्यात लाडकी ती ट्रम्पेटच्या गाण्यातली उडी. दुसऱ्या कडव्यात सुई एक खाच ओलांडून पुढे जायची. गायक अर्धी ओळ गिळायचा आणि मधूनच ट्रम्पेट अंगावर यायचा. तिथे सगळा हॉल दोन टाळ्या वाजवून एकदम उडायचा. जमीन हादरायची, भिंतीवरचं घड्याळ हलायचं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, पण त्या कारखान्यातली दोन माणसं रस्त्यात भेटली की अजून तशी उडी मारून दाखवतात, गुडघे धरून हसतात. दादाही मारतो. उजव्या हाताला मनगटाच्या पुढे काही नाही, म्हणून एक टाळी मांडीवर आणि दुसरी माझ्या पाठीत.

दादाचा हात चार नंबरच्या प्रेसमध्ये गेला. त्या वेळी तो तीस वर्षांचा होता, मी चोवीस. चौकशीत ‘कामगाराची घाई’ असं लिहिलं गेलं. दादाला ते मान्य आहे. कोणी विचारलं की तो हसत सांगतो, “माझीच घाई, दुसरं काय! मशीन बिचारं आपल्या वेळेवर चाललं होतं.” पुढे त्याला फाटकावर बसवलं. आतल्या माणसांना सलाम करत त्याने तिथे अठ्ठावीस वर्षं काढली, तीही आनंदात.

घाई त्याची नव्हती. हे दादाला कळू नये एवढ्या एका गोष्टीसाठी मी सेहेचाळीस वर्षं तोंड शिवून बसलो होतो.

त्या सोमवारी ट्रम्पेटचं गाणं पहिल्यांदाच प्रेसवर चढलं होतं. चार नंबर, म्हणजे दादाचा प्रेस. प्रेसवाल्याला गाणं ऐकू येत नाही हे लोकांच्या लक्षात येत नाही. त्याच्यासाठी ती एक गरम काळी चकती. ऐकायला कानखोलीतला माणूस बसवलेला असतो, आणि त्याला दोन नियम असतात. खरखर असेल तर पुढच्या नगाची वाट बघायची. सुई उडत असेल तर वाट बघायची नाही, भिंतीवरचं बटण दाबायचं. प्रेसवर घंटा वाजते, प्रेस थांबतो, फिटर येऊन साचा तपासतो. कारण सुई उडते म्हणजे साचा सैल झालाय. साचा सैल झाला की चकती त्याला चिकटते, आणि चिकटलेली चकती प्रेसवाल्याला हात घालून ओढावी लागते.

दहा वाजून वीस मिनिटांनी चार नंबरची रेकॉर्ड आली. पिवळ्या मेणपेन्सिलीने मी तिच्या लेबलवर प्रेसचा नंबर आणि वेळ टाकली. ती आधी टाकायची असते. मग ऐकली. दुसऱ्या कडव्यात सुई उडाली, आणि मला हसू फुटलं. इतकी नेमकी उडाली होती की वाटावं, गाणं रचणाऱ्याच्या हे लक्षात कसं नाही आलं? बटण माझ्या कोपरापासून वीतभर लांब होतं. मी ते दाबलं नाही. काचेवर टकटक करून पॅकिंगमधल्या एका मुलीला आत बोलावलं. तीन महिने मी तिच्याशी बोलायला निमित्त शोधत होतो.

ती पाकिटांचा गठ्ठा छातीशी धरून आली, म्हणजे कोणाला शंका नको. मी हेडफोन काढून स्पीकर लावला. तिने ऐकलं आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. “परत लावा,” म्हणाली. मी परत लावलं. त्या दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत आम्ही नाचलो. दोन टाळ्या तिच्या, उडी माझी. दहा चाळीसची रेकॉर्ड आली, तीही तशीच. अकराची आली. अकरा वीसची आली. रजिस्टरमध्ये मी प्रत्येकीपुढे ‘ठीक’ लिहिलं, कारण काहीतरी लिहायला हवं होतं आणि माझा दुसरा हात तिच्या हातात होता. मनात म्हणत होतो, आता दाबतो, ही गेली की लगेच दाबतो.

कानखोलीत बाहेरचा आवाज येत नसे. अकरा पस्तीसला मला किंकाळी ऐकू आली नाही. काचेपलीकडे माणसं एकाच दिशेने धावताना दिसली, एवढंच.

त्या दिवशी दुपारी चौकशीवाल्यांनी रजिस्टर नेलं. अकरा वीसपर्यंत माल ठीक, म्हणजे साचा ठीक, म्हणजे घाई. मी समोर उभा होतो. नोकरी जाईल याची भीती वाटली असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती की आम्ही नाचत होतो हे सांगावं लागेल. चारही रेकॉर्डी मी बाद मालात तळाशी सारल्या. संध्याकाळी फोडणार होतो. संध्याकाळी मी इस्पितळात होतो, आणि शनिवारी रखवालदार टोपली घेऊन आला.

तीन आठवड्यांनी त्याने त्यातली एक हॉलमध्ये लावली. सगळे अडखळले, हसले. मी आणि ती पॅकिंगमधली मुलगी भिंतीशी उभे होतो, दुःखी चेहऱ्याने, आणि आमचे पाय आम्हाला न विचारता उडाले. दोन टाळ्या, उडी. लोकांनी बघितलं आणि उचललं. चौथ्या महिन्यात दादा आला, बाही पिनेने दुमडलेली. पॅकिंगमधल्या मुलीनेच त्याला ती उडी शिकवली. त्याच वर्षी तिच्याशी माझं लग्न झालं. या गोष्टीवर आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो नाही. मला तिची किळस येत होती आणि तिला माझी, आणि तरी संसार बरा झाला. असंही होतं.

तर त्या रविवारी दुपारी मी हॉलवर गेलो. न जावं तर दादाच घरी येऊन ओढून नेणार. हॉलमध्ये आता बॅडमिंटन खेळतात. जमिनीवर पांढऱ्या-हिरव्या पट्ट्या आणि कोपऱ्यात गुंडाळलेली जाळी. एका टेबलावर चहाचे कागदी कप आणि केक, त्यावर क्रीमची काळी रेकॉर्ड. लोक ती रेकॉर्ड चमच्याने खात होते. तीस-पस्तीस म्हातारे जमले होते. बायकांनी अत्तर असं ओतलं होतं की घशात बसत होतं. एकाचा कलप घामाबरोबर कानामागून कॉलरवर उतरत होता आणि तो प्रत्येकाला मिठी मारत सुटला होता. मलाही मारली. माझ्या गालाला त्याचा ओला गाल लागला. “कानसेन! काय दिवस होते रे!” मी रुमालाने गाल पुसला, त्याच्यासमोरच.

पुतणीने फोनवरून ट्रम्पेटचं गाणं लावलं, वर तिची खरखर भुरभुरून. हे गाणं स्वच्छ होतं, त्यात उडी नव्हती. दुसरं कडवं आलं. गायकाने आपली ओळ पूर्ण म्हटली, सेहेचाळीस वर्षांत मी पहिल्यांदा ती पूर्ण ऐकली, आणि ओळीच्या मधोमध तीस म्हाताऱ्यांनी दोन टाळ्या वाजवून उडी मारली. ठेका चुकला. जोड्या एकमेकांवर आदळल्या, एकीची चप्पल निघाली. सगळे खो खो हसायला लागले. “गाणंच चुकीचं आहे!” कोणीतरी ओरडलं. माझी चूक त्यांच्या गुडघ्यांत जाऊन बसली होती आणि ते तिच्यावर जीव ओवाळून टाकत होते.

“थांबा, थांबा, अस्सल माल आहे आपल्याकडे!” पुतणी माईकवर म्हणाली.

तेव्हा एक रेकॉर्डवाला पुढे आला. जुन्या रेकॉर्डी जमवणारा चाळिशीतला माणूस, हातांत पांढरे सुती हातमोजे. त्याने पाकिटातून रेकॉर्ड काढली, आधी नाकाशी नेऊन डोळे मिटून तिचा वास घेतला, आणि मग म्हणाला, “रखवालदाराच्या घरच्यांकडून मिळाली. तुमच्या हॉलचीच! ही बघा गंमत.” त्याने तिचा फोटो भिंतीवरच्या पडद्यावर मोठा करून दाखवला. माणसाएवढं लेबल. त्यावर पिवळ्या अक्षरांत: चार नंबर, दहा वीस.

“तपासणीची वेळ आहे ही,” तो कौतुकाने म्हणाला. “म्हणजे ही उडी पहिल्यांदा कोणी ऐकली, किती वाजता ऐकली, तेसुद्धा आपल्याला कळतं!”

टाळ्या पडल्या. दादा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता, केकची बशी मांडीवर घेऊन. त्याने टाळीसाठी हात उचलला आणि तसाच ठेवला. पडद्याकडे बघत राहिला. डोळ्यांनी तो अजून धड आहे, दूरचं मला दिसत नाही ते त्याला दिसतं.

“हे गाणं मी एकदाच चढवलं होतं,” तो हळूच म्हणाला. “त्याच दिवशी.”

मी चष्मा काढून रुमालाने पुसायला लागलो.

“दहा वीस म्हणजे सकाळचे. हे अक्षर तुझं ना रे?”

“हो.”

“सुई उडत होती?”

“हो.”

दादाने बशी खुर्चीखाली ठेवली. सावकाश ठेवली, चमचा पडू नये म्हणून. “चकत्या चिकटत होत्या,” तो म्हणाला. “सकाळपासून. मला वाटलं, मलाच जमत नाहीये. मी हात घालून घालून सोडवत होतो. मनात म्हणत होतो, काही बिघडलं असतं तर कानखोलीतून घंटा वाजली असती. आपला माणूस आहे आत.” मग त्याने विचारलं, “घंटा का नाही वाजवलीस?”

सेहेचाळीस वर्षांत मी या प्रश्नाची वीस उत्तरं तयार केली होती. घंटा नादुरुस्त होती. मला नीट ऐकू आलं नाही. फोरमनने नको म्हटलं.

“नाचत होतो,” मी म्हटलं.

कोणाबरोबर हे त्याने विचारलं नाही. त्याला ती उडी कोणी शिकवली हे त्याला आठवत असणारच.

“काका! बाबा! या ना दोघं!” पुतणी माईकवरून हाका मारत होती. लोक आमच्याकडे वळून टाळ्या वाजवत होते. रेकॉर्डवाल्याने सुई टेकवली. आता खरी खरखर, खरा ट्रम्पेट, आणि मंडळी पुन्हा जोड्या करून उभी राहिली. आम्ही दोघं बसून राहिलो. दुसरं कडवं सुरू झालं. गायकाने ओळ गिळली, सगळा हॉल उडाला, आणि मी बघितलं, खुर्चीखाली दादाचे पायसुद्धा उडाले. दोन्ही. जमिनीपासून बोटभर. दादाने मान खाली घालून आपल्या पायांकडे बघितलं. कोणाच्या तरी वहाणा चुकून आपल्या पायांत आल्यावर माणूस बघतो तसं. तोंड वाकडं झालं त्याचं. मग तो उठला, पुतणीला म्हणाला, “मला बरं वाटत नाही, घरी ने,” आणि माझ्याकडे न बघता चालू लागला. तिने मला बोलावलं. दादा म्हणाला, “त्याचा तो येईल.”

मी दोन शब्द बोललोच नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही. ते तिसऱ्यांदा तेच गाणं लावत होते.

आठवडाभर मी दादाकडे फिरकलो नाही. आमची घरं एका रस्त्यावर आहेत, मधे चार दारं. पुतणीचा फोन आला, “काका, बाबांना काय झालंय? बोलत नाहीत.” मी म्हटलं, केक बाधला असेल. रविवार आला तेव्हा मात्र जाणं भाग होतं. दादाच्या डाव्या हाताची नखं मी कापतो. एका हाताच्या माणसाला बाकी सगळं जमतं, त्याच हाताची नखं तेवढी कापता येत नाहीत. इस्पितळात पहिल्यांदा मी कापली, कारण नर्सला वेळ नव्हता आणि वहिनी रडत होत्या. पुढे तोच नेम झाला. रविवारी सकाळी मी जायचं, त्याने हात माझ्या गुडघ्यावर ठेवायचा, आणि आम्ही जगातल्या सगळ्यांना नावं ठेवायची. वर्षात तीन-चार रविवार चुकले असतील, तेवढेच.

वहिनींनी दार उघडलं. नेहमीसारखं “या भावजी” म्हणाल्या नाहीत, नुसत्या बाजूला झाल्या. दादा खिडकीशी बसला होता. मी समोर स्टूल ओढलं, खिशातून नेलकटर काढला आणि म्हटलं, “हात दे.”

त्याने हात पुढे केला. नखं कापलेली होती. वेडीवाकडी, दातेरी, करंगळीचं अर्धंच. अंगठ्याचं इतकं आतपर्यंत गेलं होतं की कडेला रक्त सुकून काळं पडलं होतं.

“कोणी कापली?” मी विचारलं.

वहिनी दारातूनच म्हणाल्या, “त्यांनीच. काल दुपारी. नेलकटर जमिनीवर ठेवला, त्यात बोट धरलं आणि टाचेने दाबत बसले. तास लागला. मी जवळ गेले तर ओरडले माझ्यावर.”

मी त्याचा अंगठा धरून बघायला गेलो. त्याने हात काढून घेतला आणि बगलेत धरला.

“जमतं मला आता,” तो म्हणाला.